गावरान अंडं, मोबाइलचा टॉर्च आणि २१ दिवस: गर्भ घडताना घरीच कसा बघायचा

सगळ्यात आधी अंड्यांचं बघू, बरेच जण इथेच चुकतात. किराणा दुकानात ट्रेमध्ये मिळतात ती पोल्ट्रीची अंडी, त्यांना महिनाभर ऊब दिली तरी काही निघणार नाही कारण त्या शेडमध्ये कोंबडाच नसतो, कोंबडी कोंबड्याशिवाय अंडी घालत राहते पण ती फलित नसतात. आपल्याला पाहिजे कोंबडा असलेल्या घरचं गावरान अंडं. नाशिकमध्ये असाल तर बुधवारी गंगेवर (म्हणजे गोदाकाठी) बाजारात जा, पेठ, हरसूल, त्र्यंबककडच्या बायका टोपलीत भुसा घालून अंडी घेऊन येतात. भाव विचारायच्या आधी दोन गोष्टी विचारा, मावशी घरी कोंबडा आहे का आणि ही अंडी किती दिवसांची आहेत. आठवड्याच्या आतली असली तरच घ्या. धुतलेली नको, तडा गेलेली नको, फ्रीजमध्ये ठेवलेली तर नकोच.

किती घ्यायची? डझनभर घ्या. यातलं एक घरी आल्यावर फोडायचं आहे (ऑम्लेट करून खाल्लं तरी चालतं, वाया जात नाही). बशीत हळूच फोडा आणि बलकावरचा पांढरा ठिपका शोधा. नुसता घट्ट, वेडावाकडा बारीक ठिपका असेल तर ते फलित नाही. कडेने गोल रिंग आणि मधे जरा पारदर्शक, तीन-चार मिलिमीटरचं, कॅरमच्या मधल्या गोलासारखं दिसलं तर ते फलित. तो ठिपका म्हणजेच गर्भ. कोंबडीच्या पोटात अंडं तयार व्हायला साधारण दिवसभर लागतो आणि तेवढ्यात एका पेशीच्या हजारो पेशी झालेल्या असतात, म्हणजे अंडं तुमच्या हातात येतं तेव्हा काम सुरू होऊन थांबलेलं असतं, फक्त ऊब मिळायची वाट असते.

हा उद्योग नवा नाही बरं का. हिप्पोक्रेटिसच्या नावावर जी जुनी ग्रीक वैद्यकाची लिखाणं आहेत त्यातल्या एकात चक्क कृती दिलीय, वीस किंवा जास्त अंडी दोन किंवा जास्त कोंबड्यांखाली ठेवा आणि दुसऱ्या दिवसापासून रोज एक काढून फोडून बघा. जवळजवळ २४०० वर्षांपूर्वीची कृती. भ्रूणशास्त्राचा सगळा इतिहास म्हटलं तर या एका वाक्यातून निघतो, लोक अंडी फोडत गेले, बघत गेले आणि आपण काय बघितलं यावर भांडत गेले. आपण फोडणार नाही, आपल्याकडे टॉर्च आहे. पण बघायचं मात्र त्यांच्यासारखंच, रोज, आणि पुस्तकात काय लिहिलंय ते नंतर. माझं सगळ्यांना हेच सांगणं असतं की आधी स्वतःचं चित्र काढा, मग नेटवरचं चित्र उघडा. उलटं केलंत तर नेटवरचंच चित्र अंड्यात दिसायला लागतं.

आता अंडी ठेवायची कुठे. अंडी उबवायचं मशीन तयार होईपर्यंत थंड कोपऱ्यात, १५ ते १८ डिग्रीला मिळालं तर उत्तम, बोथट टोक वर करून. साधारण २० डिग्रीच्या खाली गर्भ थांबून राहतो, त्याच्या वर गेला की थोडा थोडा वाढायला लागतो, आणि ही अर्धवट वाढ सगळ्यात वाईट, धड थांबत नाही धड पुढे जात नाही. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये हा प्रयोग करूच नका, तेव्हा नाशिकचं घरसुद्धा दुपारी तापलेलं असतं आणि पेठहून एसटीत डिकीतून आलेली अंडी तर अर्धी उबलेलीच असतात.

याच चुकीने विज्ञान शंभर वर्षं भलत्या वाटेला गेलं होतं. इटलीत बोलोन्याला मार्चेल्लो मालपीगी नावाचा माणूस, मायक्रोस्कोप घेऊन अंड्याकडे बघणारा पहिला मोठा माणूस, त्याने १६७२-७३ च्या सुमारास आपली निरीक्षणं लंडनच्या रॉयल सोसायटीला पाठवली. चित्रं अप्रतिम आहेत. पण त्याला न उबवलेल्या अंड्यातसुद्धा पिल्लाचा आकार दिसला, मग त्यावरून लोकांनी ठरवलं की पिल्लू आधीपासून आत तयारच असतं आणि नुसतं मोठं होतं. १६९४ मध्ये हार्टसोकर नावाच्या डच माणसाने तर शुक्राणूच्या डोक्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेला चिमुकला माणूस काढून दाखवला. १७२२ मध्ये मेत्र-जां या फ्रेंच डॉक्टरने लक्षात आणून दिलं की मालपीगीची ती अंडी कोंबडीखाली नव्हती हे खरं, पण ती बोलोन्याच्या ऑगस्टच्या उन्हात पडलेली होती! म्हणजे ती उबलेलीच होती. मालपीगी चांगला निरीक्षक होता, जे दिसलं तेच त्याने काढलं, फक्त अंडं कुठे ठेवलं होतं ते मोजलं नाही. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर अंडी कधी घातली, कुठून आणली, किती तास गाडीत होती, त्या दिवशी ऊन किती होतं हे लिहा. कंटाळा करू नका.

खुणा पण आत्ताच करा. पेन्सिलने, पेनने नाही, कारण कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात आणि शाई आत जाते. एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल, आणि बोथट टोकावर नंबर. नंबर का तर फॉन बेअरची गोष्ट ऐका. सस्तन प्राण्याचं अंडं पहिल्यांदा ज्याने शोधलं (कुत्रीत, १८२७ मध्ये) तोच हा. त्याच्याकडे स्पिरिटमध्ये ठेवलेले दोन छोटे गर्भ होते ज्यांना लेबल लावायचं राहून गेलं, आणि नंतर त्याला, इतक्या मोठ्या माणसाला, सांगता येईना की हे सरड्याचे आहेत का पक्ष्याचे का सस्तन प्राण्याचे. त्या विसरण्यातून केवढी गोष्ट सापडली बघा, पाठीचा कणा असलेले सगळे प्राणी सुरुवातीला एकमेकांसारखे दिसतात आणि नंतर वेगळे होत जातात, हे त्याने १८२८ मध्ये मांडलं. पण तुम्ही नंबर टाका.

मशीनपेक्षा खुडूक (अंडी उबवायला बसलेली) कोंबडी कधीही भारी. गावाकडे कोणाची कोंबडी खुडूक बसली असेल तर तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवा आणि रात्री टॉर्च घेऊन जा, ती तापमान बघते, ओल बघते, अंडी फिरवते आणि दिवसातून एकदा दाणे खायला उठते तेवढाच अंड्यांना वारा लागतो. आपण सिडकोच्या फ्लॅटमध्ये राहणारी माणसं, तर आपल्याला थर्माकोलचा डबा. मेडिकलवाल्याकडे औषधांचे येतात तसा जाड डबा मागून घ्या, झाकणाला काचेचा तुकडा बसवा, आत साधा पिवळा ४० वॅटचा बल्ब (एलईडी चालत नाही, त्याला गरमी नसते), कॉम्प्युटरमधला छोटा पंखा आणि तापमान आलं की बल्ब बंद करणारं थर्मोस्टॅटचं छोटं सर्किट, हे एमजी रोडच्या बाजूला विचारलं की मिळतं. बल्ब थर्माकोलला कुठेही टेकता कामा नये, मधे पत्रा किंवा जाळी घालाच, हे आगीचं काम आहे आणि डबा रात्रभर चालू राहणार आहे. वायरिंग जमत नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

तापमान ३७.५ डिग्री. स्वस्तातल्या डिजिटल मीटरवर विश्वास ठेवू नका, घरातला तापाचा थर्मामीटर शेजारी ठेवून ताडून बघा, त्यावर ९९.५ फॅरनहाइट आलं पाहिजे. अंडी ठेवायच्या आधी रिकामा डबा पूर्ण एक दिवस चालवून बघायचा. ओल ५० टक्क्यांच्या आसपास, त्यासाठी वाटीत पाणी आणि स्पंज, पावसाळ्यात आपल्याकडे वाटी लागतही नाही, फेब्रुवारीत दोन लागतात. आणि लाइट गेली तर घाबरायचं नाही, डब्याला गोधडी गुंडाळा, आत गरम पाण्याची बाटली ठेवा, झाकण उघडू नका. गर्भ तास-दोन तास गार झालेला सहन करतो, जास्त गरम झालेलं सहन करत नाही, ४०-४१ डिग्रीला गेलात की संपलं. हिवाळ्यात निफाडचा पारा एक आकडी येतो त्या दिवसांत मात्र डबा आतल्या खोलीत घ्या.

जागा नाही, साधन नाही असं कोणी म्हटलं की मी रीता लेव्ही-मोंताल्चिनीबद्दल सांगते. इटलीत १९३८ च्या वंशाच्या कायद्यांमुळे ज्यू म्हणून तिला विद्यापीठातून बाहेर काढलं, वर युद्ध. तिने तुरिनला स्वतःच्या झोपायच्या खोलीत लॅब मांडली, शिवणाच्या सुया घासून त्यांची हत्यारं केली, पुढे बॉम्ब पडायला लागल्यावर खेड्यात गेली आणि शेतकऱ्यांकडे फिरून फलित अंडी मागितली. कोंबडीच्या गर्भात नसा कशा वाढतात आणि कशा मरतात हे ती तिथे बघत होती. त्यातून पुढे नसांना वाढवणारा घटक सापडला आणि १९८६ चं नोबेल मिळालं. अंडी मागत फिरणारी ती बाई मला बुधवारच्या बाजारात दरवेळी आठवते.

अंडी डब्यात आडवी ठेवली, वेळ लिहिली, झालं सुरू. दिवसातून तीनदा नाहीतर पाचदा अर्धं फिरवायचं (फुली वर असेल तर गोल वर आणायचा), विषम आकडा यासाठी की रात्रभर रोज एकच बाजू वर राहू नये. फिरवायचं कशाला, तर बलक हलका असतो, तो वर तरंगत येतो आणि त्याच्या डोक्यावर गर्भ, एकाच जागी राहिला तर आतल्या पापुद्र्याला चिकटतो आणि मरतो. हात दरवेळी साबणाने धुवा, आधीही नंतरही.

पहिले दोन दिवस टॉर्च लावून काही दिसणार नाही. बलकाची सावली दिसेल, बस. पण आत सगळ्यात मोठी घडामोड आत्ताच चालू असते म्हणून इथे जरा थांबते. पहिल्याच रात्री, म्हणजे १६-१८ तासांत, त्या पांढऱ्या चकतीवर मधोमध एक रेघ उमटते. त्या रेघेतून पेशी आत शिरतात आणि एकावर एक तीन थर तयार होतात. वरच्या थरातून कातडी आणि मेंदू, मधल्यातून हृदय, रक्त, हाडं, स्नायू, खालच्यातून आतडी, यकृत, फुप्फुसं. हे तीन थर क्रिश्चन पांडरने १८१७ मध्ये कोंबडीच्या अंड्यात दाखवले, त्यासाठी दोनेक हजार अंडी फोडली. पैसेवाल्या घरचा होता म्हणून जमलं, त्याच्या मित्राला, म्हणजे याच फॉन बेअरला, तेवढ्या अंड्यांचा खर्च परवडणारा नव्हता.

पण थर पडले तरी कोणी ठरवलं की डोकं इकडे आणि शेपूट तिकडे? जर्मनीत फ्रायबुर्गला हान्स स्पेमानच्या लॅबमध्ये हिल्डे मांगोल्ड नावाची तरुण मुलगी पीएचडी करत होती. तिने पाण्यातल्या सरड्यासारख्या न्यूट नावाच्या प्राण्याचा गर्भ घेतला, त्याच्या एका ठरावीक ओठासारख्या जागेचा बारीक तुकडा कापून दुसऱ्या गर्भाच्या पोटाकडच्या बाजूला लावला. दोन्ही गर्भ वेगळ्या रंगाचे मुद्दाम घेतले होते, कोणाच्या पेशी कुठे गेल्या ते कळावं म्हणून. पोटाच्या बाजूला दुसरा आख्खा गर्भ उगवला, कणा, मज्जारज्जू सगळं घेऊन, आणि त्यातल्या बऱ्याच पेशी तुकड्याच्या नव्हत्या, ज्याला तो लावला त्या गर्भाच्याच होत्या. म्हणजे त्या तुकड्याने शेजारच्यांना कामाला लावलं. १९२४ मध्ये हे छापून आलं आणि त्याच वर्षी घरातल्या स्टोव्हच्या स्फोटात भाजून हिल्डे गेली, पंचविशीत. नोबेल १९३५ मध्ये स्पेमानला मिळालं. मला हे दरवेळी सांगताना वाईट वाटतं.

पक्ष्यातसुद्धा अशीच जागा असते, त्या रेघेच्या टोकाला, हे वॅडिंग्टन या ब्रिटिश भ्रूणशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात दाखवलं. आणि हे आपल्यापासून लांबचं नाही, याच वॅडिंग्टनकडे एडिंबराला जाऊन कोंबडीचा गर्भ कवचाबाहेर काचेच्या बशीत वाढवायचं तंत्र लीला मुल्हेरकर शिकून आल्या आणि पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात त्यांनी हा विषय उभा केला. आडनाव वाचलं की मला बागलाणातला मुल्हेरचा किल्ला आठवतो. मराठी मुलांना वॅडिंग्टन माहीत नसला तरी चालेल, लीलाबाई माहीत पाहिजेत.

तिसरा-चौथा दिवस. आता रात्री खोलीतले दिवे बंद करा, जाड काळ्या कागदाला रुपयाएवढं भोक पाडा, ते मोबाइलच्या टॉर्चवर धरा आणि अंड्याचं बोथट टोक भोकावर ठेवा. अर्ध्या-एक मिनिटात बघून परत ठेवायचं. अंडं आतून नारंगी पेटल्यासारखं दिसतं, बोथट टोकाला हवेची पोकळी, आणि चौथ्या दिवशी बलकावर लालसर बारीक फाटे फुटलेले दिसतात, कोळ्यासारखे, मधे ठिपका. कवच पातळ आणि फिकट असेल तर तो मधला ठिपका धडधडतानासुद्धा दिसतो. तपकिरी गडद अंड्यात नाही दिसणार, म्हणून बाजारातूनच फिकट अंडी निवडून आणा.

हाच ठिपका अॅरिस्टॉटलने तीन दिवस-तीन रात्रींनंतर बघितला आणि लिहून ठेवलं की पांढऱ्यात रक्ताचा ठिपका दिसतो, तो जिवंत असल्यासारखा उडतो, हलतो. पिल्लाचं तोंड नाही, पाय नाही, पिसं नाही आणि हृदय मात्र चालू. त्याने यावरूनच म्हटलं की अवयव एकामागून एक घडतात, आधीपासून तयार नसतात. विल्यम हार्वेने, रक्ताभिसरणवाला तोच, १६५१ च्या पुस्तकात तेच सांगितलं. नंतर मालपीगीच्या उन्हामुळे गाडी उलटी गेली आणि १७५९ मध्ये कास्पर वोल्फ नावाच्या पंचविशीतल्या पोराने परत रुळावर आणली, रक्तवाहिन्या आधी नसतात आणि बघता बघता तयार होतात, आणि, हे पुढे काही वर्षांनी, आतडं तर सपाट पडदा दुमडून नळी होतं, पुरणपोळीला पारी दुमडावी तसं, हे त्याने दाखवलं. पन्नास वर्षं फार कोणी मनावर घेतलं नाही. तुम्ही तिसऱ्या दिवशीचं आणि पाचव्या दिवशीचं चित्र शेजारी शेजारी ठेवा. तिसऱ्या दिवशी जिथे काही नव्हतं तिथे पाचव्या दिवशी लाल जाळं आहे. ज्या वादात दोनशे वर्षं गेली तो तुमच्या वहीत दोन पानांत मिटतो.

सातव्या दिवशी डोळा दिसतो, काळा गडद ठिपका, आणि गर्भ स्वतः हलतो. आमच्या आजीच्या घरी, दिंडोरीकडे, कौलांतून दुपारी एक कवडसा पडायचा. सातव्या-आठव्या दिवशी ती कोंबडीला हाताने बाजूला सारायची, कोंबडी चोच मारायची तरी, आणि एक एक अंडं त्या कवडशात धरायची, मूठ अशी गोल करून की फक्त अंड्यातूनच उजेड येईल. मला म्हणायची डोळा बघ. मी सात-आठ वर्षांची असेन, तो काळा ठिपका हलला तेव्हा मी हात मागे घेतला होता. आजीला शाळा माहीत नव्हती पण जिवंत कोणतं आणि गार कोणतं ती एका नजरेत सांगायची.

गार अंडं ओळखायचं कसं: टॉर्चमध्ये पूर्ण स्वच्छ पिवळं दिसलं तर फलितच नव्हतं. रक्ताची एक कडी दिसली, गोल रिंग, आणि बाकी फाटे नाहीत, तर गर्भ सुरू होऊन मेला, रक्त कडेला ओढलं गेलं. अशी अंडी काढून टाका, राहिली तर सडून फुटतात आणि डब्याला वास मारतो. वाईट वाटून घेऊ नका, सगळी अंडी कधीच निघत नाहीत.

सुरू होऊन थांबलेला गर्भ म्हटलं की नाशिककरांना तर लांब जायलाच नको. आपलं थॉम्पसन, सोनाका, ही सीडलेस द्राक्षं. लोकांना वाटतं त्यात बी धरतच नाही. तसं नाही, फलन होतं, गर्भ तयार व्हायला लागतो आणि काही आठवड्यांत खुंटतो. मणी आडवा कापून उजेडात धरा, मधे मऊ पांढरट बारीक कणी दिसेल, ती त्या थांबलेल्या बियाची खूण. बी नीट वाढलं असतं तर त्यातल्या जिबरेलिनने (वाढ करणारं संप्रेरक) मणी फुगला असता, ते कमी पडतं म्हणून तर बागेत घड जीएच्या, म्हणजे याच जिबरेलिनच्या, पाण्यात बुडवतात, त्याला डिपिंग म्हणतात. आणि सीडलेसला सीडलेसशी संकर करून नवीन वाण काढायचं तर बी कुठून आणणार? गर्भ मरायच्या आधी, फुलोऱ्यानंतर काही आठवड्यांत, कच्च्या मण्यातून ते बीजांड काढून लॅबमध्ये पोषक जेलीवर वाढवतात. १९८० च्या दशकात अमेरिकेत हे द्राक्षात जमलं आणि आज जगातली कित्येक नवी सीडलेस वाणं याच वाटेने आलेली आहेत. पिंपळगाव-निफाडच्या शेतकऱ्याला भ्रूणशास्त्राचा काही संबंध नाही असं कोणी म्हणू नये.

आठव्या दिवसानंतर अंडं भरत जातं, टॉर्चमध्ये काळोखच जास्त दिसतो, फक्त हवेची पोकळी मोठी होत जाते. तिची कड पेन्सिलने ७व्या, १४व्या, १८व्या दिवशी आखून ठेवा. किचनचा डिजिटल काटा असेल तर वजन करा, अंड्यातून वाफ बाहेर जाते आणि १८ दिवसांत साधारण १२-१३ टक्के वजन घटायला पाहिजे, ४२ ग्रॅमचं अंडं असेल तर पाच-साडेपाच ग्रॅम. कमी घटलं तर पाण्याची वाटी काढा, जास्त घटत असेल तर अजून एक ठेवा.

या दिवसांत बघायला कमी आहे तर वाचा आणि पुढचा विचार करा. पंख आणि पाय तिसऱ्या-चौथ्या दिवशी कळीसारखे आलेले असतात, त्यात बोटांचा क्रम कोण लावतं? त्या कळीच्या मागच्या कडेचा छोटा तुकडा काढून पुढच्या कडेला लावला तर बोटं आरशातल्यासारखी दुप्पट येतात, आणि १९९३ मध्ये कळलं की तिथून एक प्रथिन पाझरतं, एका व्हिडिओ गेमच्या नावावरून त्याला सॉनिक हेजहॉग म्हणतात. तेच प्रथिन आपल्या हाताची बोटं पण घडवतं. म्हणजे तुमच्या डब्यात जे चाललंय ते तुमच्या आईच्या पोटात चाललेलंच काम आहे.

पुढे काय होईल त्यातलं मला तीन गोष्टींचं फार वाटतं. एक, अंडी देणाऱ्या जातीचे नर पिल्लं जगभर पहिल्याच दिवशी मारून टाकतात कारण ते ना अंडी देतात ना मांसाला परवडतात, अब्जावधी. जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून ते बंद केलं आणि आता अंड्यातच नर का मादी ओळखायची मशीन आहेत, काही तर कवचातून उजेड टाकून आत उगवणाऱ्या पिसांचा रंग बघतात. आजीचा कवडसाच आहे तो. आपल्याकडे हे यायला पाहिजे. दोन, दोन-तीन दिवसांच्या गर्भाच्या रक्तातून पुढे अंडी-शुक्राणू बनणाऱ्या पेशी फिरत असतात, त्या काढून गोठवून ठेवता येतात आणि वर्षांनंतर दुसऱ्या जातीच्या कोंबडीतून मूळ जात परत मिळवता येते, स्कॉटलंडच्या रोझलिन इन्स्टिट्यूटमध्ये यावर बरंच काम झालंय. आपल्या डोंगरातल्या गावरान कोंबड्या पोल्ट्रीच्या संकरात विरघळून जायच्या आत कोणीतरी हे करावं असं मला मनापासून वाटतं. तीन, माणसाचा गर्भ. लॅबमध्ये मानवी गर्भ १४ दिवसांच्या पुढे वाढवायचा नाही असा नियम आपल्याकडेही आहे, आणि १४च का तर साधारण तेव्हा ती रेघ उमटते, जी तुमच्या अंड्यात पहिल्याच रात्री आली. २०२३ मध्ये काही लॅबनी अंडं-शुक्राणू न वापरता नुसत्या स्टेम सेल्सपासून (ज्यांच्यापासून इतर पेशी बनू शकतात त्या मूळ पेशी) तेवढ्या दिवसांच्या गर्भासारखी रचना तयार केली. तिला गर्भ म्हणायचं का, तिच्यावर तोच नियम लावायचा का, हे अजून ठरतंय. सुरुवातीला गर्भपात का होतात हे त्यातून कळेल म्हणून मला ते हवं आहे, आणि सीमा नीट आखलेली पण हवी आहे.

एक अजून, मुलांना आवडेल म्हणून. २०१४ मध्ये जपानमधल्या एका हायस्कूलच्या शिक्षकाने आणि सहकाऱ्याने कवचाशिवाय, प्लास्टिकची फिल्म लावलेल्या कपात आख्खं पिल्लू वाढवून बाहेर काढायची पद्धत छापली. व्हिडिओ बघून घरी करू नका, त्याला जंतुविरहित हात आणि शेवटी ऑक्सिजन लागतो, नाहीतर जीव उगाच जातो. आणि झाडावरच्या, रानातल्या पक्ष्यांची अंडी तर अजिबात आणायची नाहीत, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे.

१८वा दिवस: फिरवणं बंद. ओल ६५-७० टक्क्यांवर न्या, झाकण लावा आणि आता उघडायचं नाही. खाली जाळीदार रबरी चटई टाका, गुळगुळीत तळावर पिल्लांचे पाय फाकतात. गावाकडे काही जण विसाव्या दिवशी अंडं कोमट पाण्यात सोडून डोलतंय का बघतात, मी ते करू नका म्हणेन, चीर पडलेली असेल तर पाणी आत जातं.

१९-२०व्या दिवशी पिल्लू आधी हवेच्या पोकळीत चोच घालतं आणि आयुष्यात पहिल्यांदा फुप्फुसाने श्वास घेतं. कान लावलात तर कवचाच्या आतून चिवचिव ऐकू येते. उरलेला बलक याच वेळी पोटात ओढून घेतला जातो. मग चोचीच्या टोकावरच्या बारीक दाताने आतून टोचून कवचाला चीर पडते, आणि त्यानंतर बारा-पंधरा तास काहीच होत नाही. हे सगळ्यात अवघड तास. पहिल्या वेळी माझ्याने राहवलं नाही, मी मदत करायला झाकण उघडलं, पाच मिनिटांत आतली वाफ गेली आणि एका पिल्लाभोवतीचा पापुद्रा कागदासारखा सुकून त्याच्या अंगाला चिकटला. ते वाचलं नाही. तेव्हापासून चीर पडली की मी झाकणाला चिकटपट्टी लावते, दुसऱ्या कोणी उघडू नये म्हणून पण आणि माझ्यासाठी पण. तुम्हाला वाटतं ते अडकलंय, पण ते थांबलेलं असतं, पापुद्र्यातलं रक्त अंगात परत घेत असतं.

बाहेर आल्यावर पूर्ण सुकेपर्यंत डब्यातच राहू द्या, दिवसभर दाणापाणी नसलं तरी चालतं, पोटातला बलक दोन-तीन दिवस पुरतो. मग खोक्यात बल्बखाली ३५ डिग्रीला, दर आठवड्याला तीनेक डिग्री कमी करत. पिल्लं कोणाच्या अंगणात जाणार हे अंडी ठेवायच्या आधीच ठरवलेलं असू द्या, माझी दिंडोरीला जातात.

आणि टरफलं फेकू नका. बोथट टोकाकडचा मोठा तुकडा उचला, आतला पांढरा पापुद्रा बघा, त्यावर लाल-तपकिरी रेघांचं झाड उमटलेलं असतं, मोठी फांदी, तिला छोट्या फांद्या, त्यांना अजून छोट्या. पिल्लू ज्यातून श्वास घेत होतं त्या रक्तवाहिन्या त्या. तळाशी हिरवट-पांढरा खडूसारखा गोळा असतो, तो त्याने २१ दिवसांत साठवलेला मळ. चौथ्या दिवशीचं कोळ्यासारखं चित्र वहीत काढून उघडं ठेवा आणि तुकडा खिडकीत कवडशात धरून शेजारी शेजारी बघा.